बजेट तीस हजार, चिऱ्याचं घर, आणि आईला संवाद कळत नाहीत: ५.१ कसं करावं?

फोंड्याचा_धाकटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. पहिला धागा काढतोय तो फसल्यावर.

घर फोंड्याजवळ बांदोड्याला. जुनं, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर कौलं. हॉल १४ फूट बाय ११ फूट, खाली टाइल्स, खिडक्या दोन, पडदे पातळ. टीव्ही ४३ इंची, सोफा समोरच्या भिंतीला अगदी चिकटून, कारण मधल्या जागेत आईला झाडू फिरवता आला पाहिजे. ती अट बदलणार नाही, आधीच सांगतो.

दुखणं असं आहे की आई सिनेमा बघताना दर दोन मिनिटांनी विचारते, "काय म्हणाला रे तो?" मी आवाज वाढवतो. लगेच मारामारी किंवा गाणं लागतं आणि शोकेसमधल्या बश्या वाजायला लागतात. मग बाबा ओरडतात. मग आवाज कमी. मग पुन्हा "काय म्हणाला रे तो?"

इफ्फीच्या (गोव्यातल्या चित्रपट महोत्सवाच्या) वेळी पणजीच्या आयनॉक्समध्ये बसलो की कुजबूजसुद्धा कळते, म्हणून वाटलं घरीही मागे-पुढे स्पीकर लावले की प्रश्न सुटेल. गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी एका दुकानातून ६,५०० रुपयांना '५.१ होम थिएटर' (पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे खोल आवाजाचा डबा) आणलं. खोक्यावर '१०,००० वॅट पीएमपीओ' लिहिलंय. निळे दिवे लागतात. ब्लूटूथने टीव्हीला जोडलं, पाचही स्पीकर वाजतात, पण पाचातून एकच आवाज येतो. पूर्वी आईला एका ठिकाणाहून ऐकू येत नव्हतं, आता पाच ठिकाणांहून येत नाही.

आता तीस हजार बाजूला काढलेत. पुन्हा फसायचं नाही. काय घेऊ?

सोल्डरगन

फोंडेकरबाब, काही घेऊ नका. आधी तो सेट उलटा करा आणि मागचा स्टिकर जसाच्या तसा इथे लिहा. सोबत मागे वायरी लावायची भोकं किती आणि कुठली तेही.

फोंड्याचा_धाकटा

स्टिकर: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॅट.
भोकं: लाल-पांढरी जोडी एक, यूएसबी एक, एफएमच्या एरियलची वायर. बाकी स्पीकरच्या पिना. एवढंच.

सोल्डरगन

हे असणारच होतं. भिंतीतून साठ वॅट घेणारा डबा दहा हजार वॅट कुठून देणार? पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कल्पित कमाल ताकदीचा आकडा. तो मोजायची सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे छापणाऱ्याच्या मनाला येईल तेवढा छापतात. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद. तुमच्या साठातले काही उष्णतेत जाणार, काही त्या निळ्या दिव्यांत. स्पीकरपर्यंत चाळीसेक पोचले तरी पुष्कळ. आणि घाबरू नका, घरात सिनेमा बघताना बहुतेक वेळ स्पीकरला एक-दोन वॅटच लागतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. वॅटच्या मागे धावून कोणाचं भलं झालेलं नाही.

खरी गोची दुसरीच आहे. लाल-पांढरी जोडी म्हणजे डावा आणि उजवा, दोनच वाटा. ब्लूटूथच्याही दोनच. पाच वेगळे आवाज आत जायला दारच नाही, तर बाहेर येणार कसे? तो सेट दोनाचे पाच करून वाटतो. खरा ५.१ हवा असेल तर डब्याला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच डब्याकडे आणणारी वाट) हवं, किंवा ऑप्टिकल (तोच आवाज प्रकाशाच्या तारेने आणणारी) हवं, नाहीतर कॉम्प्युटरच्या स्पीकरसारख्या हिरव्या-काळ्या-नारिंगी तीन पिना तरी. आणि त्या तीन पिनांचा आवाज टीव्ही देत नाही, मधे डीकोडर (एकत्र बांधून आलेले आवाज सुटे करणारा डबा) लागतो.

माटोळी

मी डिचोलीहून. आमचा फ्लॅट आहे, ड्रिल मारायची परवानगी घरमालकाकडून नाही. आम्ही नामांकित कंपनीचा तयार ५.१ सेट घेतला, पुढे लांब पट्टी, खाली वूफर, मागे दोन वायरचे छोटे स्पीकर. सतरा हजारांत सगळं झालं. मला विचाराल तर साध्या माणसाने तेच घ्यावं आणि झोपावं.

पण एक गोष्ट सांगते, ती इथल्या निम्म्या लोकांची होत असणार. पहिले चार महिने आम्ही स्टिरिओच ऐकत होतो! टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल साउंड आउट' पीसीएमवर होतं. एआरसी आणि ऑप्टिकलवर पीसीएम ठेवलं की दोनच चॅनेल जातात. ते 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करायचं, टीव्हीप्रमाणे नाव बदलतं. केल्याबरोबर मागचे स्पीकर पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलले. नवरा म्हणाला, "कोण आलं बघ."

आणि एचडीएमआय केबल कुठल्याही भोकात घालू नका. टीव्हीवर ज्याच्यावर 'एआरसी' लिहिलंय त्याच्यातच.

म्हापसा_शुक्रवार

पात्राव, एवढी डोकेफोड कशाला? एक अ‍ॅटमॉसवाला (वरूनही आवाज येणारा) साउंडबार, म्हणजे लांब पट्टीचा स्पीकर, घ्या, विषय संपला.

सोल्डरगन

@म्हापसा_शुक्रवार, त्यांनी 'वर कौलं' लिहिलंय ते वाचलंत का? वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात, त्याला सपाट छत लागतं. उतरत्या कौलांवर आपटलेला आवाज सोफ्यावर न येता शेजारच्या माडावर जाईल. आणि तीस हजारांच्या आतल्या बऱ्याच पट्ट्यांना वर तोंड केलेला स्पीकरच नसतो, नुसतं नाव असतं.

म्हापसा_शुक्रवार

माडावरच्या कावळ्यांना मिळू दे की अ‍ॅटमॉस 😄

जुना_रेडिओ

वय झालंय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

फोंड्याचे धाकटे, तुमची तक्रार 'मागचा आवाज नाही' अशी नाहीच. 'संवाद कळत नाही' अशी आहे. सिनेमाच्या ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. पुढचे डावा-उजवा संगीत आणि हालचालीला, मागचे दोन वातावरणाला (पाऊस, गर्दी, रातकिडे), आणि तो दशांश एक म्हणजे फक्त खोल आवाजाची वाट, १२० हर्ट्झपर्यंतचीच, म्हणून तिला पुरता एक आकडासुद्धा दिलेला नाही. टीव्ही जेव्हा पाचाचे दोन करतो तेव्हा संवाद संगीताच्या खाली गाडला जातो. शिवाय टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, भिंतीशी बोलतात. आईंचे कान ठीक आहेत, असं माझं पैज लावून मत आहे.

म्हणून पैसे पुढच्या तिघांत घाला. मागचे दोन स्वस्तातले चालतात. वूफर सर्वांत शेवटी. लोक उलटं करतात, कारण दुकानात वूफर छातीत जाणवतो आणि सेंटर (तो मधला) कोणी ऐकूनच बघत नाही.

रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर) जुना घ्यायला हरकत नाही. गोव्यात घराघरांत तारवटी (जहाजावर नोकरी करणारी) आणि आखातातून परतलेली माणसं, कपाटांवर उत्तम जपानी यंत्रं धूळ खात पडलीत. मात्र दोन गोष्टी तपासा. एक, मागे एचडीएमआय आहे का. फार जुन्यांना नसतं, पण ऑप्टिकल असेल आणि डॉल्बी डिजिटल (५.१चे आवाज एकत्र बांधून पाठवायची पद्धत) लिहिलेलं असेल तरी तुमचं काम होतं. दुसरी, व्होल्टेज. आमच्या मेहुण्याने जहाजावरून योकोहामाहून आणलेला रिसीव्हर १०० व्होल्टचा होता. मी तो २३० मध्ये खुपसला. आवाज आला, पण एकदाच. मागे काय छापलंय ते चष्मा लावून वाचा.

फोंड्याचा_धाकटा

काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. 'आईंचे कान ठीक आहेत' हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं, बाबा घरात असताना.

मग रिसीव्हर आणि सुटे स्पीकर असं ठरवतोय. तयार सेटपेक्षा खटपट जास्त आहे याची कल्पना आहे.

सोल्डरगन

मग रिसीव्हर मायक्रोफोनवाला बघा. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ वापरलेला मिळाला तर घ्या, ५.१ आहे, एआरसी आहे, आणि सोबत मायक्रोफोन असतो जो बसायच्या जागी ठेवून खोली मोजून घेतो. विकणाऱ्याकडून मायक्रोफोन मागायला विसरू नका, लोक तो हमखास हरवतात. आणि चालू करून पाचही वाटा आणि प्रत्येक एचडीएमआय भोक तपासा. पावसाळ्यात विजेने पहिलं जातं ते एचडीएमआय, बाकी यंत्र छान दिसतं.

फोंड्याचा_धाकटा

(तीन आठवड्यांनी)

हिशोब मांडतो.

रिसीव्हर मडगावला मिळाला, मालक पोर्तुगालला चाललाय. मायक्रोफोनसकट ११,०००. पुढची जोडी, बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे स्पीकर), नवी, ९,०००. त्याच मालिकेतला सेंटर ४,५००. दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी तांब्याची वायर १,४००. झाले २५,९००. मागच्या दोघांसाठी आणि वूफरसाठी ४,१०० उरलेत.

शंका: जुन्या ६,५००च्या सेटचे छोटे स्पीकर मागे लावले तर? तेवढेच वसूल.

सोल्डरगन

ओहम (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) किती?

फोंड्याचा_धाकटा

काही लिहिलेलं नाही.

सोल्डरगन

मल्टिमीटर आहे? स्पीकर सगळीकडून सोडवा, मीटर २०० ओहमवर ठेवा, दोन टोकांना लावा. ६-७ दाखवलं तर ८ ओहमचा. ३ ते ३.६ दाखवलं तर ४ ओहमचा. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडं कमीच दाखवतं.

फोंड्याचा_धाकटा

३.४ आणि ३.५.

सोल्डरगन

मग नको. तुमच्या रिसीव्हरला ६ किंवा त्याहून जास्त ओहमचे लागतात. कमी ओहमचे लावले की जास्त करंट ओढतात, रिसीव्हर तापतो, मोठ्या आवाजाला बंद पडतो. बंद पडला तर नशीब, जळला तर तुमचे अकरा हजार.

पण तो सेट फेकूही नका. त्याचा वूफर डब्यातच अ‍ॅम्प्लिफायर घेऊन बसलाय ना? रिसीव्हरच्या मागे 'सबवूफर प्री-आउट' नावाचं एक भोक असेल. तिथून एक आरसीए केबल (त्या लाल-पांढऱ्या भोकांत बसणारी) काढा, टोकाला एकाचे दोन करणारी वाय पिन, ती लाल-पांढऱ्या जोडीत. छोटे पाचही स्पीकर काढून टाका. झाला तुमचा पॉवर्ड वूफर. त्याच्या रिमोटवर बेस बूस्ट वगैरे असेल ते बंद, वूफरचा आवाज अर्ध्यावर, बाकी नियंत्रण रिसीव्हर करेल. फार खोल जाणार नाही, पण असून अडचण नाही.

माटोळी

हे भारी आहे. फसवलेल्या खोक्याला नोकरी लावली.

फोंड्याचा_धाकटा

२५० रुपयांची केबल घातली आणि चालला!! मागचे दोन ८ ओहमचे, जुने, साखळीहून ३,२०० ला. एकूण २९,३५०.

आता भिंत. मागच्या दोघांसाठी ब्रॅकेट मारायला गेलो, ड्रिल आत गेलं ते गेलंच, प्लग टाकला तर तो गोल फिरतो आणि लाल भुकटी गळते. एक भोक आता अंगठ्याएवढं झालंय.

चिरेबंदी

हॅमर बंद करा राव! चिरा सच्छिद्र असतो, हॅमर लावला की भोक आतून भोपळ्यासारखं फुगतं. साधं फिरतं ड्रिल, आधी बारीक बिट, मग प्लगच्या मापाचं. प्लग लांब घ्या, ५० मिमीचा तरी, म्हणजे गिलावा ओलांडून चिऱ्यात पकडेल. शक्यतो सांध्यात मारू नका, जुन्या घरात सांधा मातीचा असतो, तिथे काहीच टिकत नाही. फुगलेल्या भोकात पाणी मारून भुकटी काढा, सिमेंट भरा, प्लग तसाच ओल्यात बसवा आणि दोन दिवस हात लावू नका. दोन दिवस म्हणजे दोन दिवस.

जागा कुठली धरलीत? मागच्या भिंतीवर सोफ्याच्या डोक्यावर दोन भोकं पाडली असतील तर तीही बुजवा.

फोंड्याचा_धाकटा

तुम्हाला कसं कळलं?

जुना_रेडिओ

सगळे तेच करतात म्हणून. '५.१ मधले मागचे' म्हणजे पाठीमागचे, असा समज. नकाशा असा धरा: तुम्ही सोफ्यावर, नाक टीव्हीकडे. नाकाची रेघ शून्य. पुढचे दोघे दोन्हीकडे ३० अंशांवर, मागचे साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या किंचितच मागे. तुमचा सोफा भिंतीला चिकटलेला, त्यामुळे मागे जागाच नाही. तर दोन्ही बाजूच्या भिंतींवर, कानाच्या रेषेत, बसल्यावर कानाच्या दीड-दोन फूट वर. थेट कानात तोंड करू नका, नाहीतर बाजूच्या माणसाला एकच स्पीकर ऐकू येईल. समोरच्या भिंतीकडे किंचित वळवा.

फोंड्याचा_धाकटा

झालं. मायक्रोफोन सोफ्यावर आईच्या जागी ठेवून मोजणी केली, सगळ्यांना अंगणात पाठवून. कुत्रा मधेच भुंकला, पुन्हा केली.

आता नवीन तक्रार. संवाद आधीपेक्षा खूप बरे, पण सेंटर माठात तोंड घालून बोलल्यासारखा. आणि वूफर: काही ठरावीक सूर आले की सोफ्यावर नुसता घूंऽऽ करून बसतो. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं तर एकदम छान!

सोल्डरगन

सेंटर कुठे ठेवलाय?

फोंड्याचा_धाकटा

टीव्हीखालच्या शोकेसच्या कप्प्यात, आत सरकवून. पुढे आईचे गणपती-लक्ष्मी.

सोल्डरगन

देवांची क्षमा मागून त्यांना वर हलवा. कप्प्यातली पोकळी स्वतःच वाजते, तोच तुमचा माठ. सेंटर ओढून कप्प्याच्या काठाशी आणा, अगदी तोंड बाहेर. पुढच्या बाजूला खाली दोन खोडरबर ठेवा म्हणजे तोंड वर होईल, आता तो तुमच्या गुडघ्यांशी बोलतोय. मग रिसीव्हरमध्ये सेंटर २ डेसिबलने वाढवा, लागलं तर ३. त्यापुढे नको. रात्री बघताना 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' म्हणून काहीतरी असेल ते चालू करा, मारामारी खाली येते, कुजबूज वर येते. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर वूफरकडे जातात तो हर्ट्झचा आकडा) सगळ्यांना ८० ठेवा, मागच्या छोट्यांना १००-१२०.

वूफरचं घुमटवाले सांगतील.

घुमटवाला

हाक आली म्हणून आलो. मी आरतीला घुमट (मडक्यासारखं मातीचं, चामडं लावलेलं वाद्य) वाजवतो, ध्वनिशास्त्र कॉलेजात कधीतरी शिकलो होतो.

दोन वेगळे घोळ आहेत. एक खोलीचा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक लांबीची लाट अडकते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमची खोली १४ फूट, म्हणजे ४.२७ मीटर. ३४३ भागिले ४.२७ ची दुप्पट, उत्तर ४० हर्ट्झ. रुंदी ११ फूट, म्हणजे ३.३५ मीटर, तिथे ५१. हे दोन सूर तुमच्या हॉलचे लाडके, आले की खोलीच गायला लागते. भिंतीलगत ते सर्वांत जोरात, खोलीच्या मध्यावर सर्वांत क्षीण. तुमचा सोफा भिंतीला. म्हणून तिथे घूं आणि दारात छान.

उपाय फुकटाचा आहे. वूफर उचलून सोफ्यावर ठेवा, आईच्या जागी. खोल ढोलाचं काहीतरी लावा. मग तुम्ही जमिनीवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरा, कान जमिनीपासून वीतभर वर. जिथे ढोल मोकळा आणि सुटा ऐकू येईल ती जागा खडूने खूण करा. वूफर तिथे, माणसं सोफ्यावर. ध्वनी दोन्ही दिशांनी सारखाच वागतो, म्हणून हे चालतं.

दुसरा घोळ डब्याचा. स्वस्त वूफरला बाजूला एक गोल भोक असतं ना, तेच घुमटाचं उघडं तोंड. घुमटाला एका तोंडाला चामडं, दुसरं लहान तोंड उघडं, वाजवताना डावा तळहात त्या तोंडावर मिटता-उघडता ठेवला की घुमार बदलतो. अख्खी करामत त्या हाताची. पोकळीतली हवा आणि तोंडातली हवा मिळून एक सूर धरतात. वूफरवालेही तेच करतात, फक्त हात कायमचा उघडा. एक जुना पायमोजा गुंडाळून त्या भोकात सैल बसवा. घूं कमी होईल, ढोल आखूड आणि नेमका होईल.

फोंड्याचा_धाकटा

मी रांगत असताना शेजारची काकी ताक मागायला आली. काही बोलली नाही. आईला स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारलं, "त्याचं काय हरवलं?"

पण जागा सापडली! टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला होता, आता उजव्या भिंतीला मध्याच्या जरा अलीकडे. पायमोजा घातलाय, धुतलेला. बश्या वाजत नाहीत.

पेडण्याचा_पाऊस

आता हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, जून तोंडावर आलाय म्हणून. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आपल्याकडे, आणि बहुतेक चार महिन्यांत. मी किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर राहतो, तीन पावसाळ्यांत एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन वूफर घालवून शिकलोय.

वायरीची उघडी टोकं हिरवी पडतात. दरवर्षी पावसाआधी ती इंचभर कापून ताजी सोला, किंवा एकदाच कथील लावून टाका, नाहीतर पिना बसवा. स्वस्त वायर वरून तांबडी आणि आतून अ‍ॅल्युमिनियमची निघते, टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. रिसीव्हर महिनाभर बंद ठेवू नका, रोज अर्धा तास चालवा, स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. त्याच्यावर आईने विणलेला रुमाल घालू नका, वरच्या जाळीतून उष्णता जाते. स्पीकरच्या कडेचा फोम इथल्या हवेत काही वर्षांत भाकरीसारखा तुटतो, जुने घेताना बोटाने हळू दाबून बघा, रबरी कड असेल तर डोळे मिटून घ्या.

आणि वीज. गडगडायला लागलं की प्लग काढायचा, नुसता स्विच नाही. पण लोक केबल टीव्हीची वायर विसरतात! ती बाहेरच्या खांबावरून येते. माझा अ‍ॅम्प्लिफायर त्याच वाटेने गेला: केबल, तिथून सेटटॉप बॉक्स, तिथून एचडीएमआय. प्लग काढलेला होता तरी. इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा.

माटोळी

आमचा राउटर असाच गेला होता, आम्ही राउटरवाल्याला शिव्या दिल्या.

जुना_रेडिओ

एक राहिलं. बाबा काय ऐकतात?

फोंड्याचा_धाकटा

नाट्यसंगीत. अभिषेकीबुवा. आमच्या इथून बुवांचं गाव मंगेशी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ते बुवांना घरचेच समजतात. त्यांची तक्रार, "हे देवळातल्या कर्ण्यासारखं का वाजतं?"

जुना_रेडिओ

वाटलंच. रिसीव्हर 'ऑल चॅनेल'वर असणार. जुनी ध्वनिमुद्रणं एक किंवा दोन वाटांची, त्यांना पाचात फाडायचं नाही. रिमोटवर 'स्ट्रेट' किंवा 'डायरेक्ट' असेल ते बटण बाबांना दाखवून द्या, त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा. तुमच्याकडचे बुकशेल्फ दोघेच त्यांना पुरे.

फोंड्याचा_धाकटा

(चवथीनंतर)

बरेच दिवस आलो नाही, घर पाहुण्यांनी भरलं होतं. माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) हॉलमधले मागचे दोन्ही स्पीकर उतरवावे लागले, पण चिरेबंदींच्या पद्धतीने बसवलेले प्लग जागचे हलले नाहीत.

खोडरबर चालले. सेंटर २ ने वाढवलाय. परवा रात्री जेवणं झाल्यावर आईने एक अख्खा सिनेमा लावला आणि एकदाही "काय म्हणाला रे तो" आलं नाही. मला आनंदाचं भरतं आलं. तासाभराने वळून बघितलं तर झोपली होती. म्हटलं, घ्या. पण दुसऱ्या दिवशी अंगणात काकीला पहिल्या अर्ध्याची गोष्ट सांगत होती, कोण कोणाला काय म्हणाला ते नावांसकट.

बाबांचा लाल ठिपका लागलाय. रात्री दहानंतर मोठा आवाज करायचा नाही हा नियम ते माझ्या सिनेमाला लावतात, बुवांना नाही.

म्हापसा_शुक्रवार

ते सगळं ठीक. त्या दहा हजार वॅटवाल्या डब्याचे निळे दिवे अजून लागतात का?

फोंड्याचा_धाकटा

लागतात. सोल्डरगन, ते कापायला कुठली वायर?

सोल्डरगन

आधी प्लग काढा. मग झाकण उघडून फोटो टाका.